दुधी सगळ्यात मोठा होता, तरी नंबर का नाही आला?

दिवाळी झाली की या सदराकडे येणारे प्रश्न एकदम बदलतात, मावा-मिलीबगसारख्या किडी मागे पडतात आणि फळं-फुलं-भाजीपाला प्रदर्शनाची चौकशी सुरू होते. पुण्यात एम्प्रेस गार्डनचा शो जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आसपास असतो, मुंबईत राणीच्या बागेतला साधारण फेब्रुवारीत, म्हणजे तयारीला लागायची वेळ हीच. म्हणून यावेळी सगळे प्रश्न स्पर्धेचेच घेतलेत.

प्रश्न : आमच्याकडच्या प्रदर्शनात मी गेल्या वर्षी दोन दुधी ठेवले होते. एक तर जवळजवळ दोन फुटी, अख्ख्या टेबलावर तेवढा मोठा दुसरा नव्हता. पहिला नंबर मिळाला जेमतेम फूटभर लांबीच्या दुध्यांना. जजनी ओळखीचं बघितलं असं घरचे म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : दादा, वर्षभर वेल जपल्यावर असं झालं की किती लागतं ते मला माहितीये. पण तुमच्याच पत्रात याचं उत्तर आहे बघा. "एक तर दोन फुटी" म्हणजे दुसरा तेवढा नव्हता ना? दोन नग मागितले असले की जज आधी ती जोडी बघतात, लांबी, जाडी, रंग, देठ, सगळं एकमेकांशी जुळतंय का ते, आणि एक नग कितीही भारी असला तरी दुसरा त्याच्या शेजारी वेगळा दिसला की मार्क तिथेच जातात. शिवाय दोन फुटी दुधी बहुतेक वेळा जून झालेला असतो. आपण बाजारात दुधी घेताना कोवळाच शोधतो की नाही, जजही तेच करतात, सालीवर बारीक लव आहे का बघतात. ही लव हाताळून हाताळून जाते, त्यामुळे दुधी देठाला धरूनच उचलायचा, वर्तमानपत्रात एकेक वेगळा गुंडाळायचा आणि पुसायचा तर अजिबात नाही.

यंदा वेल मांडवावर चढवा, फळ खाली लोंबकळलं की सरळ वाढतं, जमिनीवर टेकलेल्याला एका बाजूला पांढरा डाग पडतो आणि तो काही केल्या जात नाही. पडवळ लावणार असाल तर आपल्या आज्या टोकाला दोरीने छोटा दगड बांधायच्या ना, ते शोसाठी आजही करतात, नाहीतर पडवळाची जिलबी होते. फळं धरायला लागली की एकाच दोन-तीन दिवसांत धरलेल्या कळ्यांना रंगीत दोरा बांधून ठेवा म्हणजे तोडताना एका वयाची फळं हाताशी येतात. माझ्या मते नंबर आणणारं काम हेच आहे, आणि ते फार कमी लोक करतात.

जजबद्दल म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी नावाचं कार्ड दुमडून ठेवलेलं असतं, जजना फक्त एन्ट्री नंबर दिसतो. निकालानंतर जाऊन शांतपणे विचारा की माझं कुठे कमी पडलं, सांगतात, मी स्वतः असंच विचारून शिकले.

प्रश्न : टेरेसवर टोमॅटो, वांगी, मिरच्या छान येतात, पहिल्यांदाच भाग घेतेय. नेमकं काय सांभाळायचं?
– एक वाचक, वाकड

उत्तर : ताई, सगळ्यात आधी नियमपत्रक आणा आणि तुमच्या क्लासची, म्हणजे स्पर्धेतल्या गटाची, ओळ पेनाने अधोरेखित करा. मी पहिल्या वर्षी पाच टोमॅटोच्या क्लासमधे सहा ठेवले होते, एखादा खराब निघाला तर असावा म्हणून, आणि टोमॅटो बघायच्या आधीच एन्ट्री बाद झाली. त्या दिवशी खूप रडू आलं होतं मला. पाच म्हणजे पाच, चार नाही सहा नाही. जास्तीचे नक्की न्या, पण ते पिशवीत ठेवायचे आणि टेबलावर मांडायच्या क्षणी त्यातले सर्वात जुळणारे पाच निवडायचे.

टोमॅटोवरची हिरवी टोपी ताजी पाहिजे, वाळून वर वळलेली नको. सगळे एकाच रंगावर आलेले हवेत, म्हणजे चार लाल आणि एक केशरी असं नको, आणि दाबलं तर टणक. वांग्याची चमक गेली की ते जून झालं, आत बी धरलं, मग आकार कितीही सुंदर असो. देठाचे काटे तसेच राहूद्या. धुवायचं नाही, मऊ ओल्या फडक्याने हलकेच टिपायचं. मिरच्या सोप्या वाटतात पण तिथेच चुरस असते, पट्टी घेऊन बसा आणि एका लांबीच्या, एकाच वळणाच्या, देठासकट अशा निवडा. फ्लॉवर लावला असेल तर गड्डा लिंबाएवढा दिसायला लागला की त्याचीच पानं वर ओढून सुतळीने सैल बांधा, उन्हाने पिवळा पडत नाही. आणि तोडणी पहाटे, दव असताना, आदल्या दुपारी नाही.

प्रश्न : एम्प्रेसच्या शोला गुलाब ठेवायचेत. फुलं नेमकी त्याच दिवशी कशी आणायची? दरवर्षी माझी आठवडाभर आधी फुलून जातात.
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : हा प्रश्न माझ्या फार जवळचा आहे. एम्प्रेस गार्डन ज्या संस्थेकडे आहे ती ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया 1830 सालची, आणि तिथल्या गुलाबाच्या टेबलासमोर उभं राहिलं की पुण्यातली माणसं किती मन लावून हे करतात ते कळतं. गुलाबाचं गणित उलटं मोजायचं. आपल्याकडच्या थंडीत हायब्रिड टी, म्हणजे लांब दांड्यावर एकेक मोठं फूल येणारा गुलाब, छाटल्यापासून फूल यायला साधारण 45 ते 50 दिवस लागतात, म्हणजे 25 जानेवारीसाठी छाटणी साधारण 6 ते 11 डिसेंबरच्या आसपास. ऑक्टोबरची मोठी छाटणी झालेलीच असेल, आता फक्त हलकी, जाड काडीवरच्या बाहेर बघणाऱ्या डोळ्यावर, म्हणजे नवा कोंब फुटतो तिथे. सगळी झाडं एका दिवशी छाटू नका, तुमची चूक बहुतेक इथेच होतेय. तीन गट करा, 1, 6 आणि 11 डिसेंबर, थंडी कमी-जास्त झाली तरी एक गट तरी बरोबर सापडतो.

मुख्य कळीच्या बाजूच्या कळ्या ज्वारीच्या दाण्याएवढ्या असतानाच नखाने काढा, उशिरा काढल्या तर व्रण दिसतो. पाकळ्यांच्या कडा तपकिरी होत असतील तर ते फुलकिडे, निळे चिकट सापळे आत्तापासूनच लावा. शेवटच्या चार-पाच रात्री फुलावर कागदाची टोपी काठीला बांधून धरा म्हणजे दवाचे डाग पडत नाहीत. फूल आदल्या संध्याकाळी ऊन उतरल्यावर कापा आणि कापल्या कापल्या बादलीत, दांडा जवळजवळ गळ्यापर्यंत पाण्यात, रात्रभर अंधाऱ्या गार खोलीत. फ्रीजमधे ठेवणार असाल तर शेजारी केळी-सफरचंद नको, पिकणाऱ्या फळांच्या वायूने फूल लवकर उतरतं. टेबलावर फूल अर्धं ते पाऊण उमललेलं आणि मधला सुळका घट्ट असा हवा. पूर्ण उमललेल्यांचा क्लास वेगळा असतो. पानांना तेल लावून चमकवायचा मोह होतो, तो आवरा, जजच्या बोटाला लगेच कळतं.

प्रश्न : दुकानातून छान फुललेली कुंडी आणून स्पर्धेत ठेवली तर चालते का? आमच्या सोसायटीतल्या एकदोघी असं करतात.
– एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : नाही चालत. झाड किती दिवस तुमच्याकडे असायला हवं ते बहुतेक नियमपत्रकांत लिहिलेलं असतं. आणि नियम नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं, कारण शेजारच्या टेबलावर कुणीतरी सहा महिने राबून आणलेली कुंडी असते आणि तिची जागा आपण पैशाने घेतो. जी तुमची आहे तीच आणा. दर दोन-तीन दिवसांनी पाव वळसा फिरवा म्हणजे सगळीकडून सारखी भरते, पिवळी पानं काढा, कुंडीवरचे खताचे पांढरे ओघळ घासून गेरू द्या. शोच्या तोंडावर कुंडी मात्र बदलू नका, झाड मान टाकतं.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला स्वतःचं काहीतरी ठेवायचंय. घरी फक्त बाल्कनी आहे.
– एक आई, ठाणे

उत्तर : मुळा लावूद्या त्याला. एक फूट खोल ट्रे किंवा जुनी बादली, तळाला भोकं, भुसभुशीत माती आणि त्यात खडा एकही नको, खड्याला अडला की मुळा दुभंगतो. शोच्या साधारण 40-45 दिवस आधी बी पेरायचं, आठ-दहा दिवसांनी विरळणी करून दोन रोपांत चार बोटं अंतर ठेवायचं. विरळणीला मुलं हट्टाने नाही म्हणतात, तेव्हा उपटलेली रोपं टाकायची नाहीत, कोशिंबिरीत घालायची, म्हणजे ऐकतात. आदल्या संध्याकाळी उपटून, माती पाण्याखाली बोटांनी धुवून, ओल्या पंच्यात गुंडाळून न्या. पाला ठेवायचा की कापायचा ते नियमपत्रकात बघा. आणि टेबलावर मांडणी त्यालाच करूद्या, वाकडी झाली तरी तुम्ही हात लावू नका.