भूर्जाचे बी मातीखाली पुरू नये

प्रश्न : भूर्जाचे, म्हणजे बर्चचे, बी मी दोन वेळा पेरले. बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर बी टाकून वर माती सारखी केली आणि पाणीही नियमित दिले. परंतु दोन महिने उलटले तरी एकही अंकुर वर आला नाही. बी वाईट होते की पद्धत चुकली?

उत्तर : बियांविषयीची शंका अगदीच निराधार नाही, पण मुख्य चूक खोलीची झाली आहे. भूर्जाचे बी पंख धरूनही तीन-चार मिलिमीटरपेक्षा मोठे नसते आणि त्यात साठवलेले अन्न इतके थोडे असते की, मातीचा जाड थर फोडून वर येण्याचे बळ कोंबात नसते. शिवाय थंडावा न मिळालेल्या बियाला रुजण्यासाठी प्रकाश लागतो. हा वृक्ष मोकळ्या, उघड्या पडलेल्या जमिनीवर सर्वांच्या आधी उगवणाऱ्यांपैकी आहे. दरड कोसळून किंवा वणवा लागून वरचा पालापाचोळा नाहीसा झाला की, वाऱ्याने आलेले बी तेथे पृष्ठभागावर पडल्या जागीच रुजते. म्हणून ते मातीवर नुसते पसरावे, तळहाताने हलके दाबावे आणि फार तर बी अर्धवट दिसत राहील इतकीच बारीक वाळू वर भुरभुरावी.

आता बियांविषयी. भूर्जाच्या लोंबत्या कणसांना वनस्पतिशास्त्रात नतकणिश म्हणतात. नर आणि मादी कणसे एकाच झाडावर येतात व परागण वाऱ्याने होते. मात्र स्वतःच्याच परागाने फलधारणा सहसा होत नाही. त्यामुळे एकट्या उभ्या असलेल्या झाडालाही कणसे भरघोस लागतात, पण त्यांतील बहुतेक बी पोचट निघते. थोडे बी कागदावर घेऊन सुईच्या टोकाने दाबून पाहावे. भरलेल्या बियांत पांढरा गर दिसतो, पोचट बी नुसतेच चेपते. चांगल्या बियांतही पोचट दाणे पुष्कळ असतात, तेव्हा पेरणी दाटच करावी.

स्वतः बी गोळा करावयाचे असल्यास जवळपास दुसरी भूर्जाची झाडे असलेले झाड निवडावे आणि उन्हाळ्याच्या अखेरीस कणसे हिरवेपणा जाऊन तपकिरी होऊ लागताच, ती सुटी होण्यापूर्वी, कागदी पिशवीत उतरवावीत. काही दिवसांत ती आपोआप विस्कटतात. त्या भुशात बियांबरोबर तीन पाळ्यांचे लहान छद, म्हणजे कणसातील खवल्यांसारखी पाने, असतात. रजत भूर्जात, म्हणजे सिल्व्हर बर्चमध्ये, त्यांचा आकार उडत्या पक्ष्यासारखा दिसतो. नवख्या माणसाला तेच बी वाटतात. खरे बी म्हणजे दोन पारदर्शक पंखांमधला बारीक दाणा. नीट वाळवून हवाबंद डब्यात थंड ठिकाणी ठेवल्यास ते काही वर्षे टिकते. उघड्यावर उबेत त्याची उगवणशक्ती लवकर जाते.

पेरणीपूर्वी शीतोपचार अवश्य करावा. बी एक दिवस पाण्यात भिजवून निथळावे, किंचित ओलसर वाळूत मिसळून पिशवीत घालावे आणि शीतकपाटात, म्हणजे एक ते पाच अंश सेल्सिअसच्या आसपास, चार ते आठ आठवडे ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात ठेवू नये, कारण भिजलेल्या बियाला गोठणे सोसत नाही. या थंडाव्याने बियांची सुप्तावस्था मोडते, प्रकाशाची निकड बरीच कमी होते आणि उगवण एकसारखी होते. नदीकाठचा भूर्ज, बेट्युला नायग्रा, मात्र याला अपवाद आहे. त्याचे बी वसंताच्या अखेरीस पिकते आणि ताजे पेरल्यास थंडाव्याविना रुजते.

उपचार झालेले बी पंधरा ते वीस अंश तापमानात साधारण दोन ते चार आठवड्यांत उगवते. या काळात पृष्ठभाग एकदाही सुकू देऊ नये, कारण भिजून फुटू लागलेले बी वाळले की ते पुन्हा रुजत नाही. ट्रेवर काच किंवा पारदर्शक झाकण ठेवावे, पण थेट उन्हात ठेवू नये.

प्रश्न : माझी रोपे उगवली, परंतु दोन पाने आल्यावर बुंध्याशी बारीक होऊन कोलमडू लागली आहेत. काय करावे?

उत्तर : हा रोपांचा मर रोग असून दाट पेरणी, कोंदट हवा आणि वरून घातलेले पाणी यांमुळे बुरशी फोफावते. पडलेली रोपे भोवतालच्या मातीसह काढून टाकावीत, झाकण उघडावे आणि ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओलावा द्यावा. बागेतील माती न वापरता बारीक चाळलेले कोकोपीट आणि धुतलेली वाळू यांचे मिश्रण घेतले असते, तर हा त्रास बहुधा टळला असता.

वाचलेल्या रोपांना दातेरी खरी पाने दोन-तीन आली की त्यांना पानाला धरून उचलावे, देठाला कधीही चिमटू नये, आणि प्रत्येकाला खोलगट वेगळी कुंडी द्यावी. भूर्जाची मुळे उथळ पसरतात व दुष्काळ त्यांना सोसत नाही, म्हणून पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाण्याची हयगय करू नये. भूर्जाच्या मुळांशी अनेक बुरश्यांचे सहजीवन असते, त्यामुळे जोमदार भूर्जाखालची मूठभर माती दुसऱ्या कुंडीत बदलताना मिसळल्यास रोपांना तो सोबती लवकर मिळू शकतो. मात्र कोवळ्या रोपांच्या ट्रेमध्ये ती घालू नये. कायमच्या जागी झाड लहान असतानाच, पाने गळलेल्या अवस्थेत न्यावे. मोठे झाल्यावर त्याला हलवणे मानवत नाही.

प्रश्न : रोप दोन वर्षांचे झाले तरी खोड तपकिरीच आहे. मला फसवले गेले आहे काय?

उत्तर : मुळीच नाही. कोवळ्या भूर्जाची साल तपकिरीच असते. सालीला पांढरेपणा देणारे बेट्युलिन वयाबरोबर साठत जाते, आणि रजत भूर्जातही त्यासाठी आणखी काही वर्षे थांबावे लागेल. मात्र रोपे बियांपासून केलेली असल्याने ती एकमेकांसारखी निघतीलच असे नाही. निरनिराळ्या जातींचा संकर सहज होतो, आणि झुकत्या फांद्यांचे किंवा अतिशुभ्र सालीचे निवडक वाण बियांतून तंतोतंत उतरत नाहीत. म्हणून त्यांची कलमेच केली जातात. साल दिसावी म्हणून खालच्या फांद्या काढायच्या असल्यास ते काम हिवाळ्याच्या शेवटी करू नये, कारण त्या वेळी रस चढू लागलेला असतो आणि जखमेतून तो कित्येक दिवस वाहत राहतो. पाने पूर्ण उमलल्यानंतर छाटणी करावी.