जंताचं औषध पाजायच्या आदल्या रात्री

गड्या, अल्बेंडाझोल पाजलं की जंत मेलेच, असं धरून चालू नको. मेंढीनं आदल्या दिवशी काय खाल्लं यावर बरंच अवलंबून असतं. हे औषध कोठीपोटातल्या (मेंढीच्या चार पोटांपैकी पहिल्या, मोठ्या पोटातल्या) चाऱ्याला चिकटतं आणि हळूहळू सुटतं. मृगानंतरचं कोवळं, पाणचट गवत पोटातून भरभर सरकतं, औषधही त्याच्यासंगं लेंडीत जातं. कडब्यावरच्या मेंढीत ते जास्त टिकतं. यकृत औषधात ऑक्सिजन जोडतं, पोटातले जिवाणू तो काढून घेतात. ही अदलाबदल जितकी लांबेल तितका जंतांवर मारा जास्त.

वरून नवा चारा आला नाही की पोटातला चाराही हळू सरकतो, म्हणून संध्याकाळी कळप कोंडल्यावर चारा टाकू नको, पाणी मात्र ठेव. सकाळी सोडायच्या आधी पाज. नळी जिभेच्या मुळाशी ने. तोंडात पुढंच ओतलं तर घोट कधीकधी कोठीपोट चुकवून थेट चौथ्या पोटात उतरतो.

गाभण किंवा मरतुकडी मेंढी उपाशी ठेवायची नाही. गाभणीला पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोलही नको.

कळपात उस्मानाबादी शेळ्या असतील तर त्यांना मेंढीच्या मापानं देऊ नको. शेळीच्या अंगातून हे औषध लवकर निघून जातं. डोस डॉक्टरांनाच विचार, दुकानदाराला नाही.