दाराला रिमोट घ्या, स्टार्टरला चावीच राहू द्या

प्रश्न: आमची 2014 ची छोटी पेट्रोल गाडी बेस मॉडेल आहे, चारही दारं हातानं लॉक करावी लागतात. सासूबाई 79 वर्षांच्या. पावसात त्या काठी टेकून मागच्या दाराशी भिजत उभ्या राहतात आणि मी आधी पुढे बसून, सीटवरून वाकून त्यांच्या दाराची खुंटी वर ओढते. नाना पेठेत रिमोट सेंट्रल लॉकिंगचे 5,200 सांगितले, पुश बटन स्टार्टसकट 16,500. दुकानदार म्हणाला, विम्याचा हप्ताही कमी होईल. मुलगा म्हणतो, जुन्या गाडीत पैसे कशाला घालता, साडेपाच लाखांचं कर्ज मिळतंय, नवीनच घ्या. काय करू?
– एक वाचक, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर: ताई, आधी मुलाचा मुद्दा. साडेपाच लाख, साडेनऊ टक्के, 5 वर्षं धरली तर हप्ता साधारण 11,550 रुपये आणि एकूण व्याज सुमारे 1 लाख 43 हजार. गाडी रस्त्यात बंद पडत असती तर मी या आकड्यांवर तुमच्याशी तासभर बोललो असतो. पण इंजिन ठणठणीत आहे, गाडी महिन्याला जेमतेम 300 किलोमीटर फिरते, असं तुम्हीच लिहिलंय. मग दाराच्या खुंटीपायी गाडी बदलायची?

आता रिमोट. ही गुंतवणूक नव्हे, गाडी विकताना या 5,200 चे कोणी वेगळे पैसे देणार नाही. त्यामुळे हिशोब वापराचा करायचा. तुमच्या आरसीची, म्हणजे गाडीच्या नोंदणीची, मुदत संपायला अजून साडेतीन वर्षं आहेत, म्हणजे 42 महिने. 5,200 भागिले 42, महिन्याला 124 रुपये. सासूबाई दर आठवड्याला दवाखान्यात जातात, त्या हिशोबानं हे पैसे मला अजिबात जड वाटत नाहीत. आरसीला सहाच महिने उरले असते तर मात्र थांबा म्हटलं असतं. 15 वर्षांनंतर फिटनेस तपासणी, नूतनीकरणाचे 5,000 आणि वर पर्यावरण कर, हे सगळं भरून गाडी ठेवायची की नाही, ते आधी ठरवावं लागलं असतं.

पुश बटनाला माझा साफ नकार आहे, आणि त्याचं कारण फक्त 11,300 रुपयांचा फरक नाही. मूळ चावीत इमोबिलायझरची, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरूच होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, चिप असेल, तर असं किट चालावं म्हणून बऱ्याचदा एक चिप किंवा अख्खी दुसरी चावीच डॅशबोर्डच्या आत कायमची लपवून ठेवतात. स्टिअरिंग लॉकही निकामी करावं लागतं. म्हणजे कंपनीनं दिलेली दोन्ही कुलुपं आपणच पैसे मोजून काढायची! वर गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. त्यातली एक चोराबरोबरच गेलेली असेल. मग दावा कसा लढवणार?

हप्ता कमी होण्याचं दुकानदाराचं बोलणं अर्धवट आहे. मोटार टॅरिफमधली, म्हणजे वाहन विम्याच्या दरपत्रकातली, चोरीरोधक उपकरणाची सवलत एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेनं मान्य केलेल्या उपकरणालाच असते, तीही ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्याच्या अडीच टक्के, कमाल 500 रुपये. तुमचा ओन डॅमेजचा हप्ता 2,100 आहे. अडीच टक्के म्हणजे 52 रुपये, चहा-भजी. उलट बाहेरून बसवलेल्या विद्युत उपकरणाला संरक्षण हवं असेल तर ते पॉलिसीत वेगळं नोंदवावं लागतं आणि त्याचा टॅरिफ दर किमतीच्या 4 टक्के, म्हणजे वर्षाला 208 रुपये अधिक जीएसटी. पैसे भरा किंवा भरू नका, पण कंपनीला लेखी कळवा.

दुकान निवडताना स्वस्तात जाऊ नका. माझ्या जुन्या गाडीत एकानं वायर कापून नुसती टेप गुंडाळली होती. पहिल्याच पावसाळ्यात मागच्या डाव्या दाराची मोटर रात्री दोनला आपोआप खटखट करू लागली, आणि सकाळी बॅटरी उतरलेली. शेजाऱ्यांनी आठवडाभर ऐकवलं. तेव्हा कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) लावून जोडणी, वेगळा फ्यूज, दोन रिमोट आणि पक्कं बिल, हे सगळं 5,200 मध्येच आहे ना, हे आधी विचारा. रिमोट रोलिंग कोडचाच, म्हणजे दर वेळी सिग्नल बदलणारा, घ्या. फिक्स कोडचा सिग्नल दर वेळी तोच असतो, तो पकडून दुसरा रिमोट बनवणं फार सोपं.

पैसे घरखर्चाच्या खात्यातून द्या, एसआयपी थांबवू नका. बिल हातात पडण्याआधी दुकानासमोरच चारही दारं दहा-बारा वेळा रिमोटनं उघडून-लावून बघा, आणि एकदा रिमोट बाजूला ठेवून मूळ चावीनंही.