ऑनलाइन कोर्सने आरोग्य कर्मचारी साथीसाठी तयार होतात का?

नवी मुंबईतल्या आशाताई आणि एएनएमना (आरोग्यसेविकांना) साथीचं प्रशिक्षण फक्त संगणकावर दिलं तर चालेल का, असं विचारलंय तुम्ही. माहितीपुरतं चालेल. हातांना ते पुरत नाही.

मी एएनएम, कळव्याकडे. एप्रिल 2020 मध्ये दीक्षा या सरकारी शिक्षण-पोर्टलवर आयगॉटचे, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचे, कोविडचे कोर्स आले. दिवसभर घरोघर सर्व्हे, रात्री भांडी आवरून अकरा वाजता मोबाइल हातात. सगळे व्हिडिओ पाहिले, सगळी उत्तरं बरोबर आली, सर्टिफिकेट ग्रुपवर टाकलं. साहेबांनी वर कळवलं, प्रशिक्षण शंभर टक्के. मी म्हटलं, सर, एकदा पीपीई किट (संसर्गापासून वाचवणारा पोशाख) घालून काढून बघू द्या. तर म्हणे, "किट वाया घालवायला आहेत का? सर्टिफिकेट आहे ना?"

आमच्या एका जुन्या सिस्टरनी शिवण उसवलेलं एक किट मागून घेतलं. खोबरेल तेलात हळद कालवून माझ्या हातमोज्यांना चोळली आणि म्हणाल्या, हा विषाणू समज, आता काढ. क्रम मला तोंडपाठ होता: हातमोजे, गॉगल, गाऊन, मास्क सर्वात शेवटी. पण घामाने हातमोजा मनगटाला चिकटला, मी घाईने ओढला, आणि अंगावरचं किटही व्हिडिओतल्यापेक्षा वेगळं. आरशात पाहिलं तर डाव्या कानामागे पिवळा पट्टा, मनगटावर बोटांचे ठसे. पोटात गोळाच आला. घरी सासूबाईंना दमा होता. चौथ्या खेपेला कुठे अंग कोरं निघालं.

त्यामुळे कोर्स संपला की त्याच आठवड्यात प्रत्येकीला किट काढून दाखवायला लावा. जमलं तरच सर्टिफिकेट द्या. किट वाया जातं म्हणणाऱ्या साहेबांना सांगा, त्या महिन्यात आमच्यातल्या दोघी पॉझिटिव्ह निघाल्या. कशामुळे, ते कुणालाच सांगता येणार नाही. पण त्यांनाही सराव मिळाला नव्हता, हे मला आजही सलतं.

कोर्स टाकाऊ नाहीत, हेही सांगते. 2022 च्या अखेरीस गोवर आला तेव्हा नव्या मुलींनी गोवर कधी पाहिलाच नव्हता. पुरळाचे फोटो त्यांना पुन्हापुन्हा बघता आले. गोवरात द्यायचे अ जीवनसत्त्वाचे डोसही पक्के झाले: 6 ते 11 महिन्यांच्या बाळाला 1 लाख युनिट, वर्षावरच्याला 2 लाख, लागोपाठ दोन दिवस. आयएचआयपी या साथरोग नोंदीच्या सरकारी पोर्टलवर एस फॉर्म (लक्षणांवरून रुग्णांची नोंद) भरणंही स्क्रीनवरच शिकवा, ते कामच स्क्रीनवरचं आहे.

आणि हो, तेलाने लेटेक्सचे हातमोजे कमजोर होतात. सरावाचे लगेच फेकून द्या, पेशंटपाशी नेऊ नका.