पाचाच्या गठ्ठ्यात सहा

बाळ,

रात्री अडीचला पाठवलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. ड्यूटी नसताना अडीचला जागी होतीस म्हणजे झोप उडालीय, हे सांगायला नको.

ऑपरेशनच्या शेवटी मोजताना एक मॉप, म्हणजे पोटातलं रक्त टिपायची कापडी घडी, कमी भरला. तू "सर, पोट बंद करू नका" म्हणालीस. वीस मिनिटं सगळे खोळंबले आणि मॉप निघाला कुठे, तर बादलीमागे, भिंतीला चिकटलेला. आता चहाच्या वेळी तुझी टिंगल चालते आणि तू मला विचारतेस, सरांना सॉरी म्हणू का? अजिबात म्हणायचं नाही. मॉप पोटात नाही हे वीस मिनिटांनी कळलं. त्याआधी ते कुणालाच माहीत नव्हतं, सरांनाही नाही.

पण खाली एक वाक्य तू सहज लिहून गेलीस: "सुरुवातीचा काउंट मी एकटीनेच घेतला, फ्लोअरची (टेबलाबाहेर मदतीला असलेली) सिस्टर दुसऱ्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) होती." ते वाचून मात्र डोकं फिरलं. एकटीने घेतलेला काउंट हा काउंटच नव्हे. दोघींनी घ्यायचा. गठ्ठा सोडून, एकेक मॉप सुटा करून, मोठ्याने. ती येत नाही तोवर सुरू करायचं नाही. सर हात धुऊन उभे असले तरी नाही.

१९९१ चा पावसाळा. रात्रीचं इमर्जन्सी सिझेरियन. रक्त थांबेना, शेवटी गर्भाशय काढावं लागलं. तेव्हा मॉप आमच्याकडेच शिवायचे. मावश्या पाचापाचांचे गठ्ठे बांधायच्या आणि ड्रममधून ते निर्जंतुक व्हायला ऑटोक्लेव्हला जायचे. मी गठ्ठा उचलला, "पाच" म्हटलं आणि ट्रॉलीवर ठेवला. सोडून मोजला नाही. गठ्ठा पाचाचाच असतो ना! असे चार गठ्ठे लागले. शेवटी वीस मॉप परत आले आणि मी खणखणीत आवाजात सांगितलं, "काउंट करेक्ट."

एका गठ्ठ्यात सहा होते.

चार महिन्यांनी तीच बाई पोटात गोळा घेऊन आली. मॉप बाहेर काढला तेव्हा ओटीत जो वास सुटला, तो लिहून सांगता येत नाही. मॉपला शिवलेली कापडी नाडी मात्र शाबूत होती. मी रजिस्टर उघडून पाहिलं, "करेक्ट"पुढे माझी सही. मला कुणी जाब विचारला नाही. बाईला "गाठ होती" एवढंच सांगितलं. मी दोनदा वॉर्डात गेले, तिच्या बाळाला खेळवलं आणि न बोलता परत आले. ती वाचली, पण तिला खरं मी आजतागायत सांगितलेलं नाही.

पुढे २००३ साली सर्जन अतुल गावंडे (वडील आपल्या यवतमाळ जिल्ह्यातले) आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अमेरिकेतला अभ्यास वाचनात आला. मॉप किंवा हत्यार आत राहिलं आणि शेवटचा काउंट झालेला होता, अशा केसेसपैकी ८८ टक्क्यांत तो काउंट बरोबरच आहे असं सगळ्यांनी धरलं होतं. इमर्जन्सीत हा धोका नऊपट. मी तो आकडा वाचला आणि बराच वेळ नुसती बसून राहिले.

तुमच्याकडे म्हणे पेशंट वॉर्डात असतानाच सेफ्टी चेकलिस्टवर, ऑपरेशन थिएटरमध्ये मोठ्याने वाचून भरायच्या यादीवर, टिका मारून ठेवतात. छान! ती १९ कलमांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणली. आठ शहरांत ती वापरून पाहिली, त्यात दिल्लीही होती, आणि मृत्यूचं प्रमाण १.५ वरून ०.८ टक्क्यांवर आलं. मग कॅनडातल्या ओंटारियोत १०१ हॉस्पिटलांत ती लागू झाली, आणि २०१४ च्या अभ्यासात म्हणण्यासारखा फरकच दिसला नाही. कारणांवर डॉक्टर लोक खुशाल वाद घालोत. मला विचारशील तर कागद दोन्हीकडे तोच होता, पण तो मोठ्याने वाचला किती ठिकाणी, हे बघायला हवं.

मला ओटीत 'हेडमास्तरीण' म्हणायचे. एका सरांनी तक्रार केली आणि माझी दोन वर्षं ओपीडीत गेली. एका मुलीला तर सगळ्यांदेखत इतकं बोलले की तिने ओटीच सोडली. ते चुकलंच माझं. तरी गठ्ठा न सोडता "पाच" म्हणणाऱ्या मुलीला गोड शब्दांत काय सांगायचं, ते मला अजूनही सुचलेलं नाही.

सर पुन्हा चिडले तर वाद घालू नकोस. "सर, टेबलावरच एक्स-रे बोलावते" एवढंच म्हण. मॉपमधला निळा धागा त्यात दिसतो. आणि आवाज कापला तरी कापू दे, माझाही कापायचा.

उद्या पहिल्या केसला फ्लोअरच्या सिस्टरला समोर उभी कर, गठ्ठा सोड, मोठ्याने मोज आणि किती निघाले ते मला कळव. तू म्हणशील, पाचच निघणार. तरी कळव.

तुझी,
सिस्टर