ईगल्सच्या पहिल्या अल्बमची ४५ आरपीएम वन-स्टेप आवृत्ती: पातळ ड्रम्स, टोचणारा 'स' आणि डिजिटलचा प्रश्न

ईगल्स या अमेरिकन रॉक बँडच्या पहिल्या अल्बमचा, जुने अल्बम नव्याने काढणाऱ्या मोबाइल फिडेलिटी कंपनीचा दोन तबकड्यांचा संच घेतलात, ड्रम्स पातळ वाटतात, कोरसमधला 'स' टोचतो आणि मध्ये डिजिटल टप्पा आहे हे कळल्यावर पैसे वाया गेले असं वाटतंय. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही.

आधी डिजिटल. एरवी लॅकरवरून, म्हणजे खाच कापलेल्या मूळ तबकडीवरून, फादर, त्यावरून मदर आणि मग छपाईचा स्टँपर असे धातूचे साचे बनतात. वन-स्टेपमध्ये लॅकरवरून निघालेला पहिलाच धातूचा साचा छपाईला वापरतात. तो झिजला की नवं लॅकर कापावं लागतं, आणि दर वेळी पन्नास वर्षं जुनी मास्टर टेप लेथला (लॅकर कापणाऱ्या यंत्राला) जोडून चालवणं तिला परवडणारं नाही. म्हणून टेप एकदाच डीएसडी २५६ या उच्च दर्जाच्या डिजिटल स्वरूपात उतरवून घेतात. डिजिटल टप्पा न सांगितल्यावरून २०२२ मध्ये झालेल्या वादानंतर कंपनी हा प्रवास उघडपणे छापते. मधले दोन साचे वगळल्याचा फायदा खरा आहे; 'संपूर्ण अॅनालॉग' हवं असेल तर हा संच त्यासाठी नाही. पण 'स' डीएसडीमुळे टोचत नाही.

ड्रम्सचं उत्तर १९७२ मध्येच आहे. निर्माते ग्लिन जॉन्स यांनी हा अल्बम बहुतांशी लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ध्वनिमुद्रित केला. ड्रम्सना मोजकेच माइक लावून पूर्ण संचाचा नैसर्गिक आवाज पकडणं ही त्यांची ख्याती. पुढे बँडला दणकट रॉक आवाज हवा झाला आणि 'ऑन द बॉर्डर' या तिसऱ्या अल्बमच्या वेळी बँड निर्माता बिल सिमझिककडे गेला. त्यामुळे इथे 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा ठोका शोधू नका. बँडमधल्या बर्नी लेडनचा बँजो आणि तिघाचौघांचे एकत्र आवाज किती सुटे ऐकू येतात ते पाहा. या आवृत्तीची कमाई तिथे आहे. बेस वाढवायला टोनआर्म (सुई धरणारा दांडा) खाली-वर करू नका. तबकडी नेहमीपेक्षा अर्धा मिलिमीटर जास्त जाड असली तरी नेहमीच्या ९ इंची आर्मचा कोन जेमतेम ०.१२ अंशाने बदलतो.

आता 'स'. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगावर सर्वांत आतल्या खाचेत सुईखालून सेकंदाला साधारण २१ सेंटिमीटर खाच सरकते, ४५ वर २८. शिवाय जेमतेम ३७ मिनिटांचं संगीत चार बाजूंवर विभागल्याने खाच लेबलपर्यंत न्यायची गरजच उरत नाही. म्हणजे याच तबकडीवर 'स' सर्वांत स्वच्छ यायला हवा. बाजूच्या सुरुवातीपासूनच टोचत असेल तर बहुधा सुईवर मळ आहे किंवा ती झिजली आहे. आधी कोरड्या ब्रशने मागून पुढे साफ करा. फक्त शेवटी टोचत असेल तर कार्ट्रिजची (सुई बसवलेल्या भागाची) बसवणी बहुधा चुकली आहे. बेअरवाल्ड प्रोट्रॅक्टरवर (बसवणी तपासायच्या आखलेल्या पट्टीवर) तबकडीच्या केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिमी या दोन्ही बिंदूंवर ती सरळ आलीच पाहिजे. आधी उजव्या स्पीकरमध्ये फाटत असेल तर अँटी-स्केट (आर्मला बाहेरच्या बाजूला ओढणारा ताण) थोडं वाढवा, कारण आर्म आत ओढला जातो आणि बाहेरच्या भिंतीवरची, म्हणजे उजव्या चॅनेलची, पकड सुटते.

सुईचा खाचेवर पडणारा भार, म्हणजे वजन, डिजिटल काट्यावर मोजा, आर्मवरच्या आकड्यांवर विसंबू नका. ऑर्टोफॉन २एम ब्लू कार्ट्रिजला १.८ ग्रॅम, ऑडिओ-टेक्निका व्हीएम९५ईला २ ग्रॅम. सुई जपायची म्हणून वजन कमी ठेवणाऱ्यांचीच खाच जास्त खराब होते, कारण सुई भिंतीवर आपटत राहते.

हे सगळं नीट असूनही एकाच जागी, प्रत्येक फेऱ्याला 'टक्' येत असेल, तर धुऊन एकदा पाहा. तरीही राहिलं आणि ओरखडा दिसत नसेल, तर तो बहुधा छपाईतला दोष आहे. तबकडी बदलून मागा.