टॉपरने केलं तेच मी करतेय, मग माझं का होत नाही?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं-मुली माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा बोलणं कुठूनही सुरू झालं तरी शेवटी या प्रश्नापाशी येतं. "टॉपरने सांगितलं तसंच सगळं करतेय. तीच पुस्तकं, तेच तास. मग माझंच का होत नाही?" आणि त्याच्या पोटात दुसरं, न बोललेलं वाक्य असतं: म्हणजे खोट माझ्यातच आहे. या दुसऱ्या वाक्यानेच मुलं खचतात. म्हणून एका मुलीबद्दल सविस्तर लिहिते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती मराठवाड्यातल्या एका गावची, कृषी पदवीधर. पुण्यात नव्या पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेपुरतं भाडं भरून राहायची. दिवसभर अभ्यासिका, दोन वेळा मेस. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेची पूर्व परीक्षा दोनदा थोडक्या गुणांनी हुकलेली. भाऊ दर महिन्याला पैसे पाठवायचा आणि त्याचं लग्न आपल्यामुळे लांबलंय असं तिने मनाशी धरलं होतं. घरून फोन आला की तो वाजत राहू द्यायची.

अशा मुलांना मी पहिल्या भेटीत अभ्यासाचं विचारत नाही. झोप, भूक, रडू, जीव नकोसा वाटतो का, हे आधी. ती म्हणाली, "मरावंसं नाही वाटत मॅडम, पण सकाळी उठावंसंही वाटत नाही." तिला मी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी तपासून सांगितलं की सध्या औषधाची गरज नाही, झोप मात्र सुधारायला हवी. हा टप्पा मी कुणालाच गाळू देत नाही. नैराश्य असेल तर अभ्यासाच्या पद्धतीवरची चर्चा त्या माणसावर आणखी एक ओझं टाकते.

पुढच्या भेटीत तिने वही आणली. वहीच्या पहिल्या पानावर चार रंगांच्या पेनांनी आखलेलं वेळापत्रक होतं. पहाटे ४ ला उठणे. ४.१५ ध्यान. वर्तमानपत्र २ तास. प्रत्येक विषयाच्या हाताने काढलेल्या नोट्स. शंका असलेला प्रश्न सोडून देणे. आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात बारीक अक्षरात लिहिलेलं: 'रँक ३', 'रँक ११', 'दिल्लीचा सर'. कुठली गोष्ट कुणाकडून उचलली याची तिने प्रामाणिक नोंद ठेवली होती. मी विचारलं, "या पानावर तुझं काय आहे?" ती बराच वेळ पान बघत राहिली. मग म्हणाली, "दुपारचं जेवण."

यात तिचं काही वाकडं नव्हतं. लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये सामाजिक तुलनेचा सिद्धांत मांडला. स्वतःला जोखायला बाहेरचं ठोस माप नसेल तर माणूस इतरांशी तुलना करून स्वतःला जोखतो, असा त्याचा गाभा. परीक्षा वर्षातून एकदा, निकाल कित्येक महिन्यांनी. मधल्या काळात आपण बरोबर चाललोय की नाही हे सांगणारं काहीच हाताशी नसतं. मग शेजारच्या टेबलावरचा मुलगा किती वाजता येतो, हेच माप होऊन बसतं. शिवाय नकलेने भीती शमते. सगळे सांगतात तसं केलं आणि नापास झालो, तर निदान 'मी माझ्या मनाचं केलं' हा ठपका येत नाही. ही भीती मला फार जवळून दिसते. बापाने जमीन गहाण टाकून पाठवलेल्या मुलाला स्वतःच्या डोक्याने चालायची हिंमत होत नाही, तर त्यात नवल काय?

पण त्यात एक मोठी अडचण आहे. व्हिडिओ निवड झालेल्यांचेच निघतात. पहाटे ४ ला उठून, तीच पुस्तकं वाचून जे हुकले त्यांना कुणी माईकसमोर बसवत नाही. मी तिला म्हटलं, "तुझ्या अभ्यासिकेत पहाटे येणारे किती जण आहेत?" तिने डोळ्यांसमोर हॉल आणला. "निम्मे तरी असतील." "त्यातले पास किती झाले?" ती गप्प झाली.

नकलेला पर्याय म्हणजे मुळापासून विचार करणं. त्यासाठी फर्स्ट प्रिन्सिपल्स थिंकिंग हा शब्द हल्ली उद्योगांच्या गप्पांत फार येतो. मूळ विचार मात्र अॅरिस्टॉटलपर्यंत मागे जातो: एखादी गोष्ट कळली असं तेव्हाच म्हणायचं, जेव्हा तिच्या मुळाशी असलेली कारणं कळतात. माझ्या खोलीत त्याचं रूप अगदी साधं असतं. समोरच्या सल्ल्यातलं पक्कं काय आणि ऐकीव काय, हे वेगळं करायचं. जे पक्कं उरेल त्यावरून पुन्हा चढत यायचं.

सुरुवात आम्ही 'शंका असलेला प्रश्न सोडून देणे' या ओळीपासून केली, कारण ती आकड्यांत तपासता येत होती. सामान्य अध्ययनाचा पेपर १०० प्रश्नांचा, २०० गुणांचा.

"चुकलं की किती वजा?"
"पाव."
"कशाचा पाव?"
"प्रश्नाला २ गुण. म्हणजे अर्धा गुण."
"बरं. २० प्रश्नांत तू दोन पर्याय खात्रीने खोडलेस. उरलेल्या दोनांत अडकलीस आणि अंदाजाने गोल रंगवलेस. सरासरी काय होईल?"

तिने वहीच्या मागच्या पानावर मांडलं. १० बरोबर, २० गुण. १० चूक, ५ वजा. हातात १५. तिने पुन्हा मांडलं, तरी १५. ती ते प्रश्न कोरे सोडत आली होती. मग मी म्हटलं, काहीच येत नसेल तर? चारांतला एक, निव्वळ अंदाज. २० पैकी ५ बरोबर, १० गुण. १५ चूक, साडेसात वजा. तरीही अडीच गुण जमा. आता हाच हिशेब यूपीएससीच्या, म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नियमाने कर, तिथे एक तृतीयांश वजा होतात. तिने केलं: १० जमा, १० वजा, शून्य.

तिच्या वहीत त्या ओळीपुढे 'दिल्लीचा सर' असं लिहिलेलं होतं. यूपीएससीच्या मुलांना दिलेला सल्ला. तिथल्या नियमात निव्वळ अंदाजाच्या प्रश्नांपुरता तरी त्याला काही अर्थ होता. इथे आयोगाचा नियम वेगळा, परीक्षा वेगळी, सल्ला मात्र तोच. दुसरीच्या मापाने शिवलेला ब्लाउज होता तो, आणि आपलाच दंड जाड आहे म्हणून ती इतके दिवस स्वतःला दोष देत होती.

इथे एक खबरदारी सांगायलाच हवी. हा हिशेब सरासरीचा आहे. एका पेपरात नशीब उलटंही फिरतं. आणि अर्धवट माहिती असलेला माणूस नेमका फसावा असेच पर्याय पेपर काढणारे देतात, त्यामुळे 'दोनांत अडकले' याचा अर्थ प्रत्येक वेळी निम्मी शक्यता असा होत नाही. म्हणून तिचं उत्तरही ऐकीव राहू नये यासाठी मी तिला घरी काम दिलं. जुने पेपर सोडवताना प्रत्येक प्रश्नापुढे खूण करायची: खात्री, दोनांत अडकले, माहीत नाही. मग उत्तरतालिकेशी ताडून बघायचं की दोनांत अडकलेल्यांपैकी खरंच किती बरोबर आले. तिचे निम्म्याहून थोडे जास्त आले. कुणा दुसऱ्या मुलीचे कमी येतील, तर तिने ते सोडावेत. दोघींनाही आपापला आकडा ठाऊक असेल, हे महत्त्वाचं.

मग चुकलेल्या प्रश्नांचे ढीग केले. तिला वाटत होतं की आपलं वाचन कमी पडतं. प्रत्यक्षात 'कधी वाचलंच नव्हतं' हा ढीग सगळ्यात लहान निघाला. सगळ्यात मोठा होता 'वाचलं होतं, आठवलं नाही' याचा. आणि या दुखण्यावर ती करत काय होती? आणखी वाचन, रंगीत पेनांनी आणखी नोट्स.

आठवणीबद्दल जे पक्कं माहीत आहे ते मी तिला सांगितलं. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे पुढे. मला हा प्रयोग यासाठी आवडतो की मुलं नेमकी कुठे फसतात ते त्यात दिसतं. वाचून झाल्या झाल्या सगळं येतंय असं वाटतं, आणि त्या वाटण्यावर आपण विश्वास टाकतो. परीक्षा मात्र आठवडे-महिने उलटल्यावर असते.

झोपेचंही तसंच. ती साडेअकराला झोपून ४ ला उठायची आणि दुपारी अभ्यासिकेत डोकं टेकवून पेंगायची. प्रौढ माणसाला साधारण ७ तास किंवा त्याहून जास्त झोप लागते आणि शिकलेलं पक्कं होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो, एवढं निश्चित आहे. पहाट निश्चित नाही. जो लवकर झोपतो त्याच्यासाठी पहाट उत्तम. तिच्या खोलीत चौघी, दिवा अकराच्या आधी बंद होत नाही. मग उठायचं कधी? तिनेच उत्तर दिलं, "साडेसहा." आणि लगेच, जणू चोरी पकडली गेल्यासारखी, "चालेल ना मॅडम?"

त्या 'चालेल ना'वर आम्ही दोन भेटी खर्च केल्या. हिशेब सोपा होता. त्या हिशेबावर उभं राहण्याचं धैर्य अवघड होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात पोहोचवण्यात कि. मो. फडके यांचं मोठं काम आहे. त्या पद्धतीत माणसाच्या मनातला 'च' शोधतात. मी पास व्हायलाच हवं. माझा मार्ग बिनचूकच हवा. हा 'च' असेपर्यंत स्वतःचा निर्णय घेता येत नाही, कारण स्वतःचा निर्णय चुकू शकतो. पास व्हावं अशी मनापासून इच्छा आहे, त्यासाठी मी शर्थ करीन, आणि नाही झाले तरी मी टाकाऊ ठरत नाही, या वाक्यापर्यंत यायला तिला वेळ लागला. ते वाक्य म्हणताना ती रडली. चांगलं रडली.

मध्येच एक गडबड झाली. ती एका भेटीला आली ती सगळंच मोडीत काढून. क्लास बंद, टेस्ट सिरीज बंद, यादीतली पुस्तकं मैत्रिणीला देऊन टाकलेली. "आता सगळं मुळापासून करणार." मी तिला थांबवलं. प्रत्येक गोष्ट मुळापासून शोधत बसलं तर आयुष्य पुरायचं नाही. अभ्यासक्रम आयोगाने दिलाय, तो घ्यायचा. इतिहासाचं एक चांगलं पुस्तक बहुतेक जण वाचतात, तर तेही खुशाल घ्यावं. चूक निघाली तरी नुकसान थोडं आणि लवकर कळणारं. ज्या सल्ल्यात वर्ष जाऊ शकतं, प्रकृती जाऊ शकते, घरचे पैसे जाऊ शकतात, तो मात्र मुळापर्यंत उकरून बघायचा. तिने पुस्तकं परत आणली.

असाच उकरण्याजोगा होता भावाचा प्रश्न. 'माझ्यामुळे त्याचं लग्न अडलंय' हे पक्कं की ऐकीव? तिने कधी विचारलंच नव्हतं. फोन केला. भाऊ म्हणाला, "ताई, मला मुलगी पसंत पडत नाहीये, तुझा काय संबंध?" पैशाचं मात्र खरं होतं, ओढाताण होत होती. मग दोघांनी मिळून ठरवलं की आणखी किती महिने आणि किती पैसे, आणि त्यानंतर ती कृषी क्षेत्रातली नोकरी बघेल. तारीख ठरल्यापासून तिची झोप सुधारली. मला वाटतं, वेळापत्रकापेक्षा याचाच हात त्यात जास्त होता.

पालक मला विचारतात, मग मुलांनी टॉपरचे व्हिडिओ बघूच नयेत का? बघावेत. फक्त 'त्याने काय केलं' याच्या पुढे जावं. त्याने ते का केलं, तेव्हा त्याची परिस्थिती काय होती, परीक्षेचा नियम काय होता? या तीन गोष्टी व्हिडिओत नसतील तर तो सल्ला अर्धाच आहे.

याची गरज आता आणखी वाढली आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं लिहायची. हा बदल आधी २०२३ पासूनच व्हायचा होता. पुण्यात मुलं रस्त्यावर उतरली आणि तो पुढे गेला. आता नऊ पेपर, त्यातले दोन भाषेचे, फक्त पात्रतेपुरते. उरलेल्या सातांचे १७५० गुण आणि मुलाखतीचे २७५. जुने टॉपर पर्याय निवडून मुख्य परीक्षा पास झालेले. त्यांची पद्धत इथे जशीच्या तशी कशी चालेल?

ही गोष्ट तिच्या आपणहून लक्षात आली. मागच्या भेटीत ती बसायच्या आधीच सांगायला लागली. २५० गुणांना ३ तास, म्हणजे १० गुणांच्या उत्तराला सात मिनिटांहून जरासा जास्त वेळ. तिने मोबाइलवर सात मिनिटं लावून लिहून पाहिलं होतं. विचार करण्यात दीड मिनिट जातं आणि उरलेल्या वेळात तिच्या हाताने शे-सव्वाशे शब्द होतात, त्यातही शेवटचे वाचता येत नाहीत. म्हणून सध्या ती रोज दोन उत्तरं घड्याळ लावून लिहिते, आणि अक्षर सुधारण्यासाठी पेन बदललाय.